कुमुदताईंचं जाकीट

माझ्या आयुष्यातले अकरा रविवार एका जाकिटापायी वाया गेले, आणि ते जाकीट माझं नव्हतं. इतक्या वर्षांनंतर आजही दुकानात शेजारची बाई "जरा दुसरा कलर दाखवा" म्हणाली, की माझ्या डोक्यात तिडीक उठते. नवरा म्हणतो, तू कपडे इतक्या पटकन कशी घेतेस? कुमुदताईंबरोबर ज्याने बाजार केला, त्याला पुढे आयुष्यभर पहिलाच कपडा पसंत पडतो, हे त्याला काय सांगणार.

कुमुद मोहरील कळंबच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होत्या आणि मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर पावत्या लिहीत असे. ग्रेडर म्हणजे गाडीतल्या कापसात हात घालून त्याची प्रत ठरवणारा माणूस. त्याने पहिली म्हटलं की पहिली, दुसरी म्हटलं की दुसरी. शेतकऱ्याचं वर्ष कसं गेलं ते त्या एका शब्दात ठरायचं. या कामावर आमच्याकडे दुसरी बाई मी पाहिली नाही. ताईंच्या घरात तीन पिढ्या दप्तरातल्या, कुणी वकील, कुणी हेडक्लार्क. यवतमाळात घर, पण शेताचा एक तुकडा कुणाच्या नावावर नाही. तरीही कापूस त्यांना जसा कळायचा तसा माझ्या वडिलांना कळत नसे, आणि माझ्या वडिलांनी जन्मभर कापूसच पेरला. हे मी वडिलांसमोर कधी बोलले नाही.

उंच, वाळकी बाई. चष्मा दोरीने गळ्यात. हातांची नखं बारीक कापलेली, फक्त डाव्या अंगठ्याचं वाढवलेलं, कारण ते नख त्यांची पट्टी होती. गाडीवर चढायचं, वरचा कापूस बाजूला सारून हात कोपरापर्यंत आत घालायचा, मधला चिमूटभर कापूस काढायचा. सरकी काढून टाकायची आणि बोटांनी ओढत ओढत धागे सरळ करायचे. मग तो चपटा झुपका डाव्या हातावर पसरलेल्या पदरावर ठेवायचा, नखाशी लावून लांबी बघायची, मान तिरपी करून रंग बघायचा. एवढं झाल्यावर शेतकऱ्याला जवळ बोलवायचं आणि सांगायचं, हा पाहा तुमचा धागा, एवढा लांब, हा इथे डाग, ही न फुललेली कवडी. दुसरे ग्रेडर हात बाहेर काढेपर्यंत प्रत सांगून मोकळे व्हायचे. ताई दाखवून सांगायच्या. त्यामुळे त्यांच्या रांगेला दुप्पट वेळ लागायचा, तरी सगळ्यात लांब रांग त्यांचीच. आणि त्यांच्याबरोबर मलाही सगळ्यात शेवटी घरी जायला मिळायचं.

ती वर्षं कशी होती ते मी इथे सांगत बसत नाही. पेपरवाले येऊन गेले, टीव्हीवाले येऊन गेले, दिव्याच्या गाड्या येऊन गेल्या, सगळ्यांनी सांगून झालं. आवारात बसणाऱ्याला एवढंच कळायचं की माणसांचा कशावरच विश्वास उरलेला नव्हता. बियाण्याच्या पाकिटावर नव्हता, फवारणीच्या औषधावर नव्हता, पावसावर तर नव्हताच. माणसं वजनकाट्यासमोर उभी राहायची आणि काट्याकडे संशयाने बघायची. अशा आवारात कुमुदताईंनी पदरावर धागा दाखवून दुसरी प्रत सांगितली, की माणूस मान हलवायचा आणि मुकाट्याने गाडी पुढे घ्यायचा. बाई म्हणते तर असेल. ताईंची कमाई म्हणाल तर एवढीच होती, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. दप्तरात त्या पुस्तकी बोलायच्या, आवारात मात्र वऱ्हाडीत. एक वाक्य मात्र त्यांनी मला दप्तरात बसूनही वऱ्हाडीतच सांगितलं होतं, "वंदना, माह्या हाताचं बोलणं खोटं पडलं तं मंग मी इथं कायले बसली?"

एरवी मात्र ही बाई म्हणजे डोक्याला ताप होती. कापूस दिसला की हात घातल्याशिवाय राहायची नाही. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात नवरदेवाकडची माणसं गादीवर टेकायच्या आत ताईंनी गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यात बोट घालून आतला कापूस बाहेर काढला आणि "जुनाच पिंजून भरलाय" असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. माझ्या काकूने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ती गादी भरली होती. एकदा चतुर्थीला दुपारच्या सुटीत आम्ही दोघी चिंतामणीच्या दर्शनाला गेलो. मागे दर्शनाला ही मोठी रांग. ताईंनी बाहेरच्या म्हातारीकडून वाती घेतल्या आणि पायऱ्यांवरच उभं राहून एक वात उलगडून ओढून बघितली. आखूड धागा, लवकर विझेल, म्हणून परत करायला निघाल्या. म्हातारी म्हणाली, "बाई, देवाले चालते, तुमाले काहून चालत नाही?" त्यावर ताई तिला धाग्याची लांबी समजावून सांगायला बसल्या. मी दर्शन घेऊन आले तरी दोघी बोलतच होत्या, आणि शेवटी वाती तिच्याकडूनच घेतल्या. एसटीतही खिडकीची जागा त्यांनाच लागायची. यवतमाळ ते कळंब रोज तोच रस्ता, पण यांना दोन्ही बाजूंची वावरं बघायची असत. मला रोज दांडीला लटकून कुणाच्या वावरात काय बोंडं फुटली ते ऐकावं लागे.

साड्यांचं तर विचारूच नका. हंगामाच्या दिवसांत त्या फक्त मातकट रंगाच्या साड्या नेसायच्या. ना धड करडा, ना धड तपकिरी, ढेकूळ वाळल्यावर जसं दिसतं तसा रंग. सणासुदीलाही आवारात तीच ढेकळं. मापारी मागून हसायचे. मी एकदा संक्रांतीला म्हटलं, ताई, आज तरी जरा बरी साडी नेसायची. त्या म्हणाल्या, आज गाड्या नाहीत का? मला वाटलं, मळ दिसू नये म्हणून असेल. मी पुढे विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

मग एका दिवाळीनंतर त्यांचा पदर गाडीच्या दांडीत अडकला आणि त्या वरून सरळ खाली आल्या. खांद्याचं हाड सरकलं. पंधरा दिवस हात गळ्यात. डॉक्टरांनी सांगितलं, हे गाडीवर चढणं सोडा. त्यांनी गाडी सोडली नाही, साडी सोडली. नागपूरच्या भाचीने त्यांना तीन टॉप शिवून पाठवले. गुडघ्याखाली येणारे, घोळदार, बाह्या अशा सैल की आत हवा खेळावी, फिक्या रंगावर बारीक बारीक फुलं. खाली सलवार. पन्नाशी उलटलेली बाई तो टॉप घालून आवारात आली तेव्हा मापाऱ्यांपासून हमालांपर्यंत सगळ्यांचे हात थांबले. ताईंना त्याचं काहीच नव्हतं. त्या थेट पहिल्या गाडीवर चढल्या.

आणि वारं सुटलं. टॉप असा फुगला की ताईंना एका हाताने तो धरावा आणि एका हाताने कापूस ओढावा असं करावं लागलं. खालची माणसं सभ्य होती, ती बैलांकडे बघत उभी राहिली. पण ग्रेडरला दोन्ही हात लागतात. शिवाय फुलाफुलांच्या बाहीवर धागा ठेवला तर फूल कुठलं आणि धागा कुठला तेच कळेना. चार दिवस त्यांची चिडचिड बघितली, आणि पाचव्या दिवशी मी माझ्या तोंडाने म्हटलं, वरून एखादं जाकीट का घालत नाही? टॉप दाबून बसेल आणि धागा ठेवायला साधी बाहीही मिळेल. हे मी बोलले आणि मला ते पुरतं भोवलं.

पहिल्या रविवारी मी आनंदाने गेले. वाटलं, दोन दुकानं, एक चहा, संपलं. यवतमाळच्या मेन लाइनला पहिल्याच दुकानात ताईंनी पर्स उघडली आणि आतून प्लॅस्टिकच्या पिशवीतला कापूस काढला. दुकानदार बघतच राहिला. त्याने दाखवलेल्या प्रत्येक जाकिटाच्या बाहीवर त्यांनी कापसाचा झुपका ठेवला, फुंकर मारली, बोटाने उचलला आणि मग जाकीट घेऊन थेट दुकानाबाहेर उन्हात गेल्या. दुकानातला माणूस घाबरून मागे धावला. लोकरीचं नको, धागा चिकटतो. चमकणारं नको, धागा घसरतो. बटणं नकोत, कापूस अडकतो. अस्तर नको, दुपारी अंगाची भट्टी होते. आणि रंग मातकट पाहिजे. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मातकट कलर कोन घेते? आमी ठेवतच नाही." ताई म्हणाल्या, ठेवत जा.

मग आम्ही शिंप्याकडे गेलो, तुम्ही हेच म्हणणार होता ना? जुन्या मातकट साडीचं जाकीट शिवलं. ते इतकं हलकं झालं की वाऱ्याने टॉपबरोबर तेही उडायला लागलं. मग जाड कापड शोधलं, रंग बरोबर मिळाला, पण कापड केसाळ निघालं आणि संध्याकाळपर्यंत ताई स्वतःच कापसाच्या गाठीसारख्या दिसायला लागल्या. शिंप्याने हात जोडले. पुन्हा दुकानं. सहाव्या रविवारी एका दुकानदाराने आम्हाला लांबून येताना पाहिलं आणि नोकराला हळूच सांगितलं, जाकीट संपले म्हणून सांग. मी ते ऐकलं, ताईंनीही ऐकलं. त्या आत जाऊन म्हणाल्या, संपलेली तेवढी दाखवा.

हसू येतं आता, तेव्हा येत नव्हतं. माझी मुलगी चार वर्षांची. आठवडाभर तिला आई मिळायची ती अंधार पडल्यावर, दमलेली. रविवारी सकाळी ताईंची हाक आली की ती माझा पदर धरून रडायची. नवरा वर्तमानपत्राच्या मागून नुसतं बघायचा. ताईंना कपड्यांची हौस असती तर मी समजू शकले असते. पण ज्या बाईने तीस वर्षं ढेकळाच्या रंगाच्या साड्या नेसल्या, तिला एक जाकीट निवडायला अडीच महिने लागावेत? पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. कितीही कपडे दाखवा, यांचं एकच, धागा दिसला पाहिजे.

अकराव्या रविवारी माझ्या मुलीचा वाढदिवस होता. मी ताईंना सांगितलं नव्हतं, फक्त लवकर परतायचंय म्हटलं होतं. तिसऱ्या दुकानात ते जाकीट निघालं. काळं, गुळगुळीत सुती कापड, पुढून उघडं, बटण एकही नाही, लांब बाह्या. ताईंनी फुलांच्या टॉपवर ते चढवलं आणि पहिल्यांदाच ती बाई कुणीतरी साहेब वाटली. झुपका बाहीवर ठेवला. एकेक धागा मोजून घ्यावा असा दिसला. फुंकर मारली, हलला. बोटाने उचलला, उचलला गेला. मी देवाचे आभार मानले.

ताई दाराशी उन्हात उभ्याच. म्हणाल्या, लांबी छान दिसते, पण फार काळं आहे गं. काळ्यावर सगळंच गोरं दिसतं. शिवाय आत हे जाड अस्तर, रंग पाहा कसा मळखाऊ. मला अस्तर नको होतं.

माझा तोल गेला. मी दुकानात, लोकांसमोर, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या बाईला म्हटलं की अस्तर उसवता येतं, रंगाने काही अडत नाही, आणि आज माझ्या मुलीचा वाढदिवस आहे. तिला काय सांगू, तुझी आई मोहरीलबाईंच्या जाकिटात हरवली म्हणून? ताईंनी चष्मा काढून पुसला, एवढंच म्हणाल्या, "आधी सांगायचं नाही का." आणि जाकीट घेतलं. इतक्या वर्षांत दुसऱ्याच्या सांगण्यावरून त्यांनी ठरवलेली ही पहिली गोष्ट असावी.

त्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला होता. फुटलेला कापूस झाडावरच भिजला, लोकांनी तो वेचून, वाळवून आणला. मंगळवारी आभाळ भरलेलं, आवारात गाड्या दाटलेल्या. ताई काळं जाकीट घालून गाडीवर चढल्या. टॉप जागचा हलला नाही, दोन्ही हात मोकळे. काळ्या बाहीवर पांढरा झुपका ठेवायच्या, शेतकऱ्याला दाखवायच्या, शेतकऱ्याचा चेहरा खुलायचा. पहिली. पुढची गाडी. पहिली. मी पावत्यांवर पहिली लिहून लिहून थकले. मापारीसुद्धा म्हणाला, बाईले जाकीट मानवलं. परतीच्या एसटीत मी खुशीत होते आणि ताई खिडकीबाहेर बघत नव्हत्या. मांडीवर जाकीट ठेवून त्याच्या बाहीवरून बोट फिरवत बसल्या होत्या.

बुधवारी लख्ख ऊन पडलं. आम्ही आवारात शिरलो तेव्हा पहिल्या प्रतीचा ढीग समोरच होता. ताई तिथेच थांबल्या. कालचा कापूस त्यात वरच्या वर पडलेला, आणि खालच्या कापसावर तो पिवळट दिसत होता. फार नाही. मला तर त्यांनी दाखवल्यावरच दिसला. पण एकदा दिसला की मग दिसतच राहिला. ताईंनी जाकीट काढून माझ्या हातात दिलं, खाली बसल्या आणि ढिगातला एक झुपका ओढून, सरळ करून, जमिनीवरच्या वाळलेल्या मातीवर ठेवला. मातीवर तो सरळसरळ पिवळा होता.

तीस वर्षं त्या त्याच रंगाच्या पदरावर कापूस बघत होत्या, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं. हातातलं जाकीट कुठे ठेवावं हे मला कळेना.

पण मी व्यवहारी बाई. मी म्हटलं, ताई, कुणाला कळलं नाही. ढिगात पडलेला कापूस कुणी वेगळा करू शकत नाही, पावत्या कुणी परत मागणार नाही. शेतकऱ्याचं भलंच झालं, या वर्षांत तेवढं तरी झालं. आज नीट बघा, काल विसरा. त्या मान हलवत होत्या. म्हणाल्या, भलं झालं ते झालं, मला त्याचं वाईट नाही. पण आज तसाच कापूस येईल, मी त्याला दुसरी म्हणेन, आणि त्याला काय सांगू?

तसंच झालं. पहिलीच गाडी पंचफुलाबाईंची. या कळंबजवळच्याच, स्वतः गाडी हाकून आणणाऱ्या, ताईंच्या रांगेतल्या जुन्या. त्यांची एक गाडी काल पहिलीत गेली होती. ताईंनी दप्तराच्या कपाटात पडलेली जुनी मातकट साडी काढून तिचा तुकडा हातावर गुंडाळला होता. त्यावर झुपका ठेवला, दाखवला आणि दुसरी म्हणाल्या. पंचफुलाबाई गाडीवरून खाली उतरल्या. "बाई, कालचा अन् आजचा एकाच वावरातला हाये. एकाच दिवशी वेचला. मंग काल पयला अन् आज दुसरा कसा?"

मागच्या गाड्यांवरची माणसं पुढे सरकली. ताई खाली आल्या. सांगायला त्यांच्याकडे दहा गोष्टी होत्या. खालचा थर ओला आहे, डाग वाढलेत, दुसरे ग्रेडर रोज सांगतात तसलं काहीही. त्या म्हणाल्या, "काल मी चुकली."

आवारात असं कुणी कधी म्हटलेलं नव्हतं. साहेबांनी नाही, काट्यावाल्याने नाही, बियाणं विकणाऱ्याने तर नाहीच. मला वाटलं, आता माणसं म्हणतील, वा, बाई खरं बोलली. तसलं काही झालं नाही. मागून एकाने विचारलं, "मंग आजवर किती डाव चुकल्या?" ताई म्हणाल्या, एक डाव. तो हसला. पंचफुलाबाईंनी बैल वळवले आणि गाडी दुसऱ्या ग्रेडरच्या रांगेत नेऊन लावली. तिथेही दुसरीच प्रत मिळाली, पण त्या परत आल्या नाहीत. त्यांच्या मागून आणखी गाड्या गेल्या. दुपारी बारापर्यंत कुमुदताईंच्या रांगेत चार गाड्या उरल्या. मी पहिल्यांदा त्या दिवशी वेळेवर घरी गेले, आणि मला त्या बाईचा इतका राग आला की सांगता येत नाही. एक वाक्य गिळता येत नव्हतं?

वाक्य बोलून भागलं नाही. त्यांनी दप्तराला स्वतःहून लेखी कळवलं. मग वरून खुलासा मागवला गेला, आणि त्यांचा खुलासा साफ अक्षरात उतरवायचं काम माझ्याकडेच आलं. त्यात लिहिलं होतं की चूक माझ्या नजरेची, शेतकऱ्यांच्या पावत्यांना हात लावू नये. आणि खाली, कुणी विचारलेलं नसताना, जाकिटाची निवड सर्वस्वी माझी. मी लेखणी ठेवली. म्हटलं, हे वाक्य मी लिहिणार नाही, सगळ्या मेन लाइनला माहीत आहे ते जाकीट कुणी घ्यायला लावलं. ताई म्हणाल्या, तू घाई केली, पण हात कुणाचा होता? लिही. मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, त्या दिवशी ते वाकडं आलं.

आठ दिवसांत त्यांची बदली मुकुटबनला झाली. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, हंगामाच्या मध्यावर, खांद्याचं दुखणं घेऊन. निरोपसमारंभ वगैरे झाला नाही. एसटी सुटताना त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, आणि तो मला हलवण्यासाठी नव्हता, कंडक्टरला मागचं सामान दाखवण्यासाठी होता. मुलीला त्यांनी खाऊ म्हणून एक पुडकं दिलं होतं. त्यात फुलवाती होत्या, हाताने वळलेल्या, लांब धाग्याच्या.

माझी नणंद मुकुटबनला दिलेली आहे. पुढच्या वर्षी तिच्याकडे बारसं होतं, तेव्हा मी दुपारी वेळ काढून तिथल्या केंद्रावर गेले. जाऊ की नको, असं करत गेले. मला माफी मागायची होती आणि वर्षभर मी ती मनात पाठ केली होती. आवारात दोन रांगा. एकीत दोन गाड्या. दुसरी फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत आलेली. कुमुदताई कुठल्या रांगेत असतील हे विचारावं लागलं नाही.

त्या गाडीवर उभ्या होत्या. तोच फुलांचा टॉप, धुऊन धुऊन फुलं फिकी झालेली. आणि वरून जाकीट. मी जवळ गेले तेव्हा मला काहीतरी विचित्र वाटलं. शिवणी बाहेर दिसत होत्या, मानेशी दुकानाची पट्टी बाहेर लोंबत होती. ताईंनी जाकीट उलटं घातलं होतं. ते जाड, मळखाऊ अस्तर, जे उसवून टाकायचं म्हणून मी भांडले होते, ते वर आलेलं होतं, आणि त्याचा रंग वाळलेल्या ढेकळाचा होता. अकरा रविवार आम्ही तो रंग सगळ्या यवतमाळात शोधत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि काखेतून तो कळसा फेकून द्या म्हणणारी मी.

मला बघून त्या खाली उतरल्या. पाठ केलेलं सगळं मी विसरले. तोंडातून निघालं ते एवढंच, "ताई, जाकीट उलटं घातलंय."

"सुलटं घालून पाहिलं ना एक डाव," त्या म्हणाल्या. मग माझ्या खांद्यावरचा कापसाचा कण काढत विचारलं, "त्या दिवशी केक कापायला पोचली होती का तू?"

मी पोचले नव्हते. मुलगी वाट बघून झोपी गेली होती. मी म्हटलं, पोचले होते. ताईंनी मान तिरपी करून माझ्याकडे क्षणभर पाहिलं, कापसाचा रंग बघायच्या तशी. मागच्या गाडीवाल्याने हाक मारली. त्या पुन्हा वर चढल्या. वारं सुटलं होतं, पण टॉप हलला नाही. खाली कुणालाही बैलांकडे बघावं लागलं नाही. नंतर त्या निवृत्त होऊन भाचीकडे गेल्या असं कानावर आलं. मी त्यांना बघितलं ते तेवढंच शेवटचं.

फाटकाबाहेर पडताना रांगेतल्या अगदी शेवटच्या गाडीशी मी थांबले. म्हातारा गडी उन्हात गाडीच्या धुऱ्यावर बसला होता. माझ्या स्वभावाप्रमाणे मला राहवलं नाही. म्हटलं, बाबा, बाजूच्या रांगेत दोनच गाड्या आहेत, तिकडे काहून नाही जात? इथं संध्याकाळ होईल.

त्याने त्या रांगेकडे पाहिलं. "तिकडचा म्हनते, मी कधीच चुकत नाही," तो म्हणाला, आणि बैलांना चुचकारून गाडी बाईंच्या दिशेने दोन पावलं पुढे घेतली.